दुरुस्तीनंतर गाडी गरम होते, मिसिंग मारते: दोष कुठून शोधायला लागायचं

वॉटर पंप बदलला, रेडिएटर साफ केला, टायमिंग बेल्ट टाकला किंवा हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडून त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी पातळ चकती, बदललं. गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत तापमानाचा काटा वर चढायला लागला, वर इंजिन मिसिंगही मारायला लागलं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने झटके द्यायला लागलं. माझ्याकडे अशा गाड्या नेमाने येतात. त्यांत नवा पार्टच खराब निघाला, असं क्वचित होतं. बहुतेक वेळा काहीतरी जोडायचं राहिलेलं असतं, उलटं बसलेलं असतं किंवा कुलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) हवा पूर्ण काढलेली नसते. म्हणून अशा गाडीत मी बॉनेट उघडण्याआधी कामाचं बिल मागतो. कशाला हात लागला होता आणि तिथपर्यंत पोचायला वाटेतलं काय काय काढावं लागलं, याची यादी करा. वॉटर पंपासाठी अनेक इंजिनांत टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. रेडिएटर काढायचा तर फॅनचा सॉकेट सुटतो. हेड उघडायचं म्हटलं की इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा नेणारे पाइप), पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची वायरिंग, प्लगला वीज देणारी कॉइल, अर्थिंगची तार असं सगळंच सुटं होतं. दोष बहुधा याच यादीत सापडतो.

लक्षणं आधी नीट पकडा

"गरम होते" एवढ्यावरून काही कळत नाही. कधी गरम होते, हे महत्त्वाचं.

सिग्नलला किंवा गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की उतरतो, तर आधी फॅनवर संशय घ्या. वेगात रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो फॅननेच द्यावा लागतो. याउलट, उभी असताना ठीक पण वेगात किंवा चढावर गरम होते, तर कुलंट पुरेसं फिरत नाही. थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) अर्धवट उघडत असेल, रेडिएटर चोंदला असेल, पंप नीट ढकलत नसेल किंवा खालचा होज आतल्या आत चपटा होत असेल. काटा एकदम वर जाऊन पुन्हा खाली येत असेल, डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल आणि हीटर आयडलला थंड पण रेस दिल्यावर गरम हवा देत असेल, तर सिस्टीममध्ये हवा अडकली आहे.

मिसिंगचंही तसंच. सकाळी पहिल्या स्टार्टला काही सेकंद इंजिन लंगडतं, पांढरा धूर येतो आणि मग सगळं सुरळीत होतं, हे लक्षण मला सगळ्यात नकोसं वाटतं. रात्रभरात एखाद्या सिलिंडरमध्ये कुलंट झिरपल्याची ती खूण असते. फक्त आयडलला मिसिंग आणि रेस दिली की गायब, तर कुठूनतरी जादा हवा ओढली जाते आहे. चढावर किंवा जोर देतानाच झटके येत असतील, तर कॉइल आणि प्लगकडे बघा.

आधी काय सुरू झालं, काटा चढणं की मिसिंग? हे गाडी चालवणाऱ्यालाच माहीत असतं आणि त्याला कुणी विचारत नाही. आधी गाडी तापली आणि नंतर मिसिंग आलं, तर हेड गॅस्केटपर्यंत जावं लागण्याची शक्यता असते. आधी मिसिंग होतं आणि नंतर गाडी तापायला लागली, तर वाट वेगळी आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, त्याची आतली जाळी वितळून चोंदते, धुराला वाट मिळत नाही आणि उष्णता इंजिनातच कोंडते. दोन्ही एकदमच सुरू झालं, तर टायमिंग (पिस्टन, व्हॉल्व्ह आणि स्पार्क यांच्या वेळांचा मेळ) किंवा सुटलेली अर्थिंग आधी तपासा.

काही तपासण्याआधी

गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडू नका. आतलं कुलंट दाबाखाली शंभर अंशांच्याही वर द्रवरूपात असतं. कॅप ढिली झाली की दाब सुटतो, कुलंटची तत्क्षणी वाफ होते आणि ती तोंडावर येते. वरचा होज हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग जाड फडकं टाकून कॅप हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. फॅनजवळ हात घालण्याआधी चावी काढून घ्या. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक फिरतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची रेडिएटर कॅप काढून पातळी बघा. नुसती बाजूची टाकी बघून चालत नाही. कॅप रेडिएटरवर असलेल्या गाड्यांत टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. कॅपचं रबर खराब असलं की गार होताना टाकीतलं कुलंट परत आत ओढलंच जात नाही. टाकीलाच दाबाची कॅप असलेल्या गाड्यांत मात्र टाकीची खूण पुरते.

मग ऑइलची डिपस्टिक. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे. अशा वेळी पुढची कुठलीही तपासणी गाडी चालू करून करू नका, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही. मात्र ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस आणि डिपस्टिक स्वच्छ, एवढंच असेल तर घाबरू नका. थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणाने तो तयार होतो. या फेसावरून विनाकारण हेड उघडल्याच्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

आता टॉर्च घ्या आणि बिलावरच्या यादीतली प्रत्येक जागा बघा. सॉकेट नुसता टेकलेला असतो, लॉक बसलेला नसतो. हाताने ढकलून 'टक' आवाज ऐका. फॅनचा सॉकेट, तापमान सेन्सरचा सॉकेट, प्रत्येक कॉइल आणि इंजेक्टरचा सॉकेट असा क्रमाने हात फिरवा. काही इंजिनांत शेजारच्या दोन इंजेक्टरचे सॉकेट सारखेच असतात आणि अदलाबदल होते. मग दोन सिलिंडर एकदम बिघडतात. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची जाड तार घट्ट आहे का, तिच्या टोकाखाली रंग किंवा गंज राहिला आहे का, हेही बघा. ही तार ढिली असली की स्पार्क कमजोर होतो आणि सेन्सरचे आकडेही चुकतात. हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा हलत असेल, तर अर्थिंगचीच शंका घ्या.

इनटेकवरचे बारीक व्हॅक्यूम पाइप आणि एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा मोठा पाइप तपासायला विसरू नका. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे जराशीही फट राहिली, तर मोजणीत न आलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि आयडलला इंजिन थरथरतं. फट शोधायला पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत सर्रास चालते. गरम इंजिनवर ते पेटू शकतं, ते करू नका. साध्या पाण्याचा बारीक फवारा सांध्यांवर मारा, विजेच्या भागांपासून दूर. इंजिनचा आवाज बदलला तर जागा सापडली.

हवा काढणं: सगळ्यात जास्त वेळा इथेच अडतं

कुलंट सांडून पुन्हा भरलं की हवा अडकणारच. ती उंच जागी जाऊन बसते: हेडमध्ये, हीटरच्या पाइपमध्ये, थर्मोस्टॅटच्या मागे. जिथे हवा आहे तिथे धातूला कुलंट लागत नाही आणि तेवढाच भाग प्रमाणाबाहेर तापतो. शिवाय तापमानाचा सेन्सर हवेच्या पोकळीत आला तर तो खरं तापमान दाखवूच शकत नाही. म्हणून काटा अचानक खाली आला तर इंजिन गार झालं असं समजू नका. कुलंट पूर्ण गळून गेल्यावरही काटा असाच खाली येतो, आणि तो खाली आला म्हणून गाडी पुढे चालवून इंजिन जाम झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

हवा काढायची रीत अशी. इंजिन पूर्ण गार. गाडीचं तोंड चढाच्या दिशेने, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. हॅंडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. त्याचा वॉल्व्ह असलेल्या गाडीत तो उघडल्याशिवाय त्या फांदीतली हवा निघत नाही. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या होजवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो थोडा ढिला करा. कुलंट हळू ओता, घाईने ओतलं की ते स्वतःच हवा कोंडतं. स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की स्क्रू बंद. मग कॅप उघडी ठेवूनच इंजिन चालू करा, आयडलला राहू द्या आणि वरचा होज अधूनमधून हाताने दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि खालचा होज गरम व्हायला लागतो. फॅन चालू होऊन बंद झाला, हीटरची हवा आयडललाही गरम आली, बुडबुडे थांबले, मगच कॅप लावा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असते.

हे सगळं नीट करूनही बुडबुडे थांबतच नसतील, तर ती अडकलेली हवा नाही. सिलिंडरमधला जळका वायू कुलंटमध्ये येतो आहे. थेट शेवटच्या भागाकडे जा.

कॅप, कुलंट आणि फॅन

कॅप हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. तिने धरलेल्या दाबामुळे उकळबिंदू वर जातो. नुसतं पाणी साध्या दाबाला १०० अंश सेल्सिअसला उकळतं, पण सुमारे १ बार जास्तीच्या दाबाखाली १२० अंशांच्या आसपास. कुलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असेल तर आणखी वर. कॅपची स्प्रिंग किंवा रबर गेलं की ही सवलत संपते आणि एरवी सहज सोसवलं असतं त्या तापमानाला कुलंट उकळायला लागतं. दुरुस्तीत कॅपची अदलाबदलही होते. तिच्यावर छापलेला दाब तुमच्या गाडीसाठी दिलेलाच आहे ना, एवढं पडताळा.

कुलंट अर्धं-अर्धंच ठेवा, खनिजविरहित पाण्यात. निव्वळ कुलंट भरलं तर गाडी जास्त थंड राहील हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा (कुलंटमधल्या मुख्य रसायनापेक्षा) सरस असतं. गंज रोखण्यासाठी, थंडीत गोठू नये म्हणून आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी कुलंट लागतं. रंग एकच म्हणून दोन जातींचं कुलंट मिसळू नका. रंग कंपनी ठरवते, त्यावरून रसायन कळत नाही.

फॅनसाठी एसी चालू करा. बहुतेक गाड्यांत लगेच किंवा थोड्याच वेळात रेडिएटरचा फॅन फिरतो. न फिरल्यास फ्यूज, रिले, सॉकेट याच क्रमाने. फिरतो पण उलटा फिरतो, हेही होतं, वायरी उलट जोडल्या की. रेडिएटरसमोर कागद धरा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण परत लावलं आहे ना? त्याशिवाय फॅन कडेची हवा ओढतो, रेडिएटरमधून नाही.

थर्मोस्टॅट, बेल्ट आणि पंप

इंजिन तापल्यावर वरचा होज चटका देतो आणि खालचा थंडच राहतो, तर थर्मोस्टॅट उघडलेला नाही किंवा कुलंट फिरत नाही. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात टांगा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि गरम करत जा. त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास, तो उघडायला लागला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि हवा जाण्यासाठीचा छोटा हलता काटा असेल तर तो वरच्या बाजूला. उलटा बसवलेला थर्मोस्टॅट हा दुरुस्तीनंतरचा नेहमीचा दोष आहे, आणि तो दोष थर्मोस्टॅट बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही.

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. इंजिन हव्या त्या तापमानाला पोचत नाही, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) त्याला थंड समजून पेट्रोल जास्त टाकत राहतो आणि प्लग काळे पडून मिसिंग येतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम कुलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं आणि गाडी आणखी तापते.

बाहेरचा बेल्ट आकृतीप्रमाणे बसला आहे का, हे बघा. चुकीच्या वाटेने घातलेला बेल्ट पंपाला उलटा फिरवू शकतो. बेल्ट फिरतो, पंप फिरतो, बाहेरून काहीच वावगं दिसत नाही आणि कुलंट मात्र नीट वाहत नाही.

मिसिंगचा माग

आता एक साधा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लागेल. कोड पी ०३०० आला तर मिसिंग वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये आहे: हवा, पेट्रोलचा दाब, टायमिंग, अर्थिंग अशा सगळ्यांना लागू असणाऱ्या गोष्टी बघा. पी ०३०१, पी ०३०२ असे कोड आले तर शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावा, कोड पुसा, थोडं चालवा. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल खराब, जागीच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टरकडे वळा. अदलाबदलीची ही पद्धत पार्ट विकत घेण्याआधी उत्तर देते. चालू इंजिनवर कॉइल उपसून बघण्याची पद्धत सोडा. धक्का बसतो आणि कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं.

प्लग काढलाच आहे तर नीट बघा. प्लगच्या विहिरीत ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट नीट बसलेलं नाही. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळी रेघ असेल तर बसवताना तडा गेला आहे आणि स्पार्क तिथूनच पळतो. आणि एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख, बाकीचे तपकिरी, तर त्या सिलिंडरमध्ये कुलंट जातं आहे. जुन्या, वायरींच्या गाडीत वायरींचा क्रम पडताळा. चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत तो १-३-४-२ असतो, पण तुमच्या इंजिनचा पुस्तकातूनच बघा. डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाडीत इग्निशन मागे राहिलं असेल तर जोर कमी होतो आणि इंजिन तापतंही. एका दोषाची दोन्ही लक्षणं तिथे दिसतात.

स्कॅनर हातात असतानाच सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, नुसती चावी चालू करून कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. कुलंटचा सेन्सर फार वेगळं काही सांगत असेल तर तोच ईसीयूला फसवतो आहे. फॅन वेळेवर लागत नाही आणि पेट्रोलचं प्रमाणही चुकतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टायमिंग बेल्ट बदलल्यापासूनच गाडीला ताकद नाही, मिसिंग आहे, तापते आहे आणि पी ००१६ (क्रँक आणि कॅम शाफ्टचा मेळ नसल्याचा) कोड आहे, तर बेल्ट एखादा दात चुकवून बसल्याची दाट शंका घ्या. इंजिन बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. बऱ्याच इंजिनांत टायमिंग जास्त चुकलं की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

चालताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर मिसिंग कन्व्हर्टर जाळण्याइतकं तीव्र आहे. बाजूला घ्या, टो करून न्या. काटा लाल पट्टीत गेला तरीही तेच. दिवा स्थिर असेल आणि काटा मधोमध, तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं.

कुलंट बाहेर कुठे गळत नाही आणि तरी कमी होतं, थंड इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात वरचा होज दगडासारखा कडक होतो, बुडबुडे थांबत नाहीत, पहिल्या स्टार्टला पांढरा गोडसर वासाचा धूर येतो: ही हेड गॅस्केटची लक्षणं. पण लक्षणांवरून हेड उघडू देऊ नका, आधी पुरावा मागा. रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी धरून आतली हवा त्यातून ओढतात. पेट्रोल इंजिनचा जळका वायू असेल तर द्रावण पिवळं होतं. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो त्याची मोजणी. सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून मागा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बरेच खाली असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. एखादाच खाली असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा खराब, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. कूलिंग सिस्टीमला पंपाने दाब देऊन तो टिकतो का, हेही बघायला सांगा.

गॅस्केट नुकतंच बदललेलं असूनही पुन्हा गेलं, तर तिसरं गॅस्केट टाकण्याआधी कारण शोधायलाच हवं. हेड पोलादी पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाट आहे का तपासलं होतं का? बोल्ट ताणून बसवायच्या जातीचे असतील तर नवे घेतले होते का? दिलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने आणि ठरलेल्या अंशाने आवळले होते का? बोल्टच्या भोकात ऑइल किंवा कुलंट साचलेलं असेल तर पाना खोटा टॉर्क दाखवतो आणि हेड प्रत्यक्षात ढिलं राहतं. गॅस्केट उलटं बसलं असेल तर काही इंजिनांत कुलंटची वाटच झाकली जाते. जास्तीचा सीलंट सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. हे प्रश्न विचारायला संकोचू नका. चांगला मेकॅनिक त्यांची उत्तरं आकड्यांत देतो.

गळती बंद करणारी बाटलीतली द्रावणं या अवस्थेत टाकू नका. ती गॅस्केट दुरुस्त करत नाहीत, हीटरच्या बारीक नळ्या मात्र चोंदवतात, आणि मग पुढच्या कामात तेही वाढतं.

मेकॅनिककडे गाडी देताना तोंडी सांगण्यापेक्षा कागद द्या: आधी कोणतं काम झालं, काटा केव्हा चढतो, मिसिंग थंड की गरम इंजिनवर, कुलंट किती दिवसांत किती उतरलं, कोणते कोड आले, आणि वरच्यांपैकी काय काय तपासून झालं. आधीच्याच गॅरेजला दाखवायचं असेल तर कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा.

दोष सापडून दुरुस्त झाल्यावर लागोपाठ दोन-तीन सकाळी गार इंजिनवर कुलंट आणि ऑइल दोन्हींची पातळी बघा, नव्या होजच्या क्लिपा पहिल्या काही फेऱ्यांनंतर एकदा तपासून ढिल्या वाटल्यास आवळा आणि पहिला लांबचा प्रवास त्यानंतरच करा.